ऑल व्हील ड्राइव्हचा लाँच: मॅन्युअल, डीएसजी, टॉर्क कन्व्हर्टर की इलेक्ट्रिक?

ऐरोलीचा मावसभाऊ दोन महिने डोकं खातोय. सेकंडहँड किंवा नवी, कशीही चालेल पण ऑल व्हील ड्राइव्ह हवी, बजेट तिसाच्या आतबाहेर, आणि अट एकच, पाय दाबला की उभी गाडी जोरात सुटली पाहिजे (यालाच लाँच म्हणतात) पण गिअरबॉक्स हातात येता कामा नये. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. त्याच्या यादीत चार गाड्या आहेत: जुनी कंपास मॅन्युअल फोर बाय फोर, टिग्वान फोरमोशन, एक्सयूव्ही ७०० डिझेल ऑटोमॅटिक एडब्ल्यूडी आणि हॅरियर ईव्हीची दोन मोटरवाली. (थार आणि जिम्नी मीच काढून टाकल्या, त्या पार्ट टाइम फोर बाय फोर आहेत, कोरड्या डांबरावर फोर एचमध्ये (पुढची-मागची चाकं एकत्र जोडणाऱ्या मोडमध्ये) टाकून वळवलीत तर पुढची मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि शाफ्टला पीळ बसतो, लाँच तर लांबच राहिला.)

आधी मूळ भानगड समजून घ्या. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये क्लच दणकन सोडला की पुढचे टायर चर्र करून जागच्या जागी फिरतात, म्हणजे टायरच फ्यूज असतो. ऑल व्हीलमध्ये चारही टायर रस्ता पकडून बसतात, हा फ्यूज सहजासहजी उडत नाही, आणि मग सगळा झटका क्लच, गिअरचे दात, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, ॲक्सल यांच्यात जो कच्चा असेल त्याच्या बोकांडी बसतो. ३५० एनएम टॉर्कचं (म्हणजे फिरवण्याच्या जोराचं) डिझेल घ्या, पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून समजा १५ पट धरा, चाकांपाशी झाले ५,२५० एनएम, आणि हे नीट उठवल्यावरचं गणित, चार हजार आरपीएमला क्लचवरून पाय काढलात तर फ्लायव्हीलचा (इंजिनला जोडलेल्या जड फिरत्या चकतीचा) दणका वर वेगळा. त्यामुळे प्रश्न इतकाच उरतो की टायर घसरणार नसेल तर घसरू काय द्यायचं.

मॅन्युअलमध्ये उत्तर क्लच. हे मी पैसे भरून शिकलोय. माझ्याकडे पूर्वी एक मॅन्युअल ऑल व्हील होती, कुठली ते जाऊ दे, एका रविवारी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर लागोपाठ पाच वेळा उठवली, तेव्हा अक्कल कमी होती, पाचव्याला असा वास आला की शेजारी बसलेल्या मित्राने खिडकी खाली केली. तुर्भ्याच्या मेकॅनिकने प्रेशर प्लेट काढून समोर ठेवली, त्यावर निळेजांभळे डाग आणि नख अडकेल इतक्या बारीक चिरा. मी तोंड पाडून उभा, तर तो म्हणाला, साहेब, क्लच गेला म्हणून गिअरबॉक्स वाचला. आणि खरंच होतं ते. म्हणून मॅन्युअलमध्ये करायचंच असेल तर डिझेलला दोन ते अडीच हजार आरपीएम, क्लच बाइट पॉइंटला (जिथे तो पकडायला लागतो तिथे) आणून साधारण सेकंदभर घसरू द्यायचा, तो पूर्ण बसला की मगच फुल थ्रॉटल. क्लच डंप, म्हणजे दणकन सोडणं, कधीच नाही. स्टिअरिंग सरळ, आणि पुढचा प्रयत्न दहाएक मिनिटांनी. ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर तोही यात खर्ची पडतो आणि तो बऱ्याचदा क्लचपेक्षा महाग निघतो.

टिग्वानच्या डीएसजीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, हेच घसरवण्याचं काम कॉम्प्युटर करतो, तेलात बुडालेले क्लच असतात, म्हणून माणसापेक्षा कमी चुका होतात. पण तेल तापतं. घोडबंदरला गायमुखपासून तासभर इंच इंच सरकत आलेली गाडी लगेच लाँच करू नका, क्लचनी आधीच पुष्कळ सोसलेलं असतं. सेकंडहँड घेताना मात्र माझी जास्त भीती मागच्या हॅल्डेक्सची, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या कपलिंगची. त्याचं तेल गिअरबॉक्सपेक्षा वेगळं, आणि पाचव्या पिढीच्या युनिटमध्ये पंपाची छोटी जाळी चोंदली की मागे ताकद जायची बंद होते. ओल्या रस्त्यावर उठवताना नुसते पुढचेच टायर फिरायला लागले तर समजा ऑल व्हीलचे पैसे देऊन तुम्ही फ्रंट व्हील घेताय. दोन्ही तेलांची बिलं मागा, नसतील तर पुढची गाडी बघा.

एक्सयूव्हीचा टॉर्क कन्व्हर्टर मला या कामासाठी सगळ्यात आवडतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलच असतं, त्यामुळे झटका आपोआप मऊ होतो आणि वर सुरुवातीला टॉर्क वाढूनही मिळतो. डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने दीड-दोन हजार आरपीएम, दोन सेकंद, सोडा. जास्त वेळ धरून ठेवलीत तर सगळी ताकद उष्णता होऊन एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात) जाते. आणि न्यूट्रलमध्ये रेस करून डीमध्ये टाकायचा प्रकार करणाऱ्याला चावीच देऊ नये. हे बॉक्स ढिले असतात असं म्हणणाऱ्यांनी बीएमडब्ल्यूची एम३४०आय बघावी, तिचाही आठ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरच आहे आणि कंपनी शून्य ते शंभर ४.४ सेकंद सांगते. तिथेसुद्धा बीएमडब्ल्यू एका लाँचनंतर गिअरबॉक्सला साधारण पाच मिनिटं थंड होऊ द्यायला सांगते.

हॅरियर ईव्हीत पुढच्या आणि मागच्या मोटरमध्ये शाफ्टच नाही, क्लच नाही, ट्रान्सफर केस नाही, टॉर्क किती झपाट्याने सोडायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. शून्य ते शंभरला कंपनीचा आकडा ६.३ सेकंद. तुटण्यासारखं सगळ्यात कमी, पण वजनामुळे टायर झिजतात आणि बॅटरी खाली आली की जोरही उतरतो. शिवाय सोसायटीत चार्जर बसवायला मिळणार का हा ऐरोलीतला खरा प्रश्न.

आणि हो, हे पाम बीच रोडवर करायचं नाही. रस्त्यावरची रेस मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये येते, पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तिथे पहाटे लोक चालायला येतात.

तर चार्जरची सोय असेल तर ईव्ही, नसेल तर एक्सयूव्ही. टिग्वान बिलं पूर्ण असतील तरच. मॅन्युअल त्यानेच घ्यावी ज्याने क्लचचे पैसे बाजूला काढून ठेवलेत.

मावसभावाच्या सोसायटीने चार्जरला अजून हो म्हटलेलं नाही, म्हणून शनिवारी कोपरखैरण्याला एक एक्सयूव्ही बघायला जातोय. पहिल्यांदा खाली वाकून चारही टायर बघणार, कंपनी एकच का, झीज सारखी का, साइडवॉलवरचे आठवडा-वर्षाचे चार आकडे जुळतात का. दोन नवे दोन जुने असतील तर घेर वेगळा, कपलिंग कायम राबत राहणार, मग मालकाने चहा विचारला तरी बोनेट न उघडता परत.