शहापुरातलं बाइंडिंगचं दुकान, बेळगाव

मी खानापुरात इतिहास शिकवतो. फुलस्केपवर काढलेली माझी टिपणं इथे बांधून घेतली. आधी दुसरीकडे नुसती चिकटवून घेतली होती, ती महिनाभरात सुटली. इथल्या अण्णांनी कागद बोटांत चोळून पाहिला. "सर, चिकटवू नका की. शिवूनच घ्या." जोडपानांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे छोटे गठ्ठे, पाडून दोऱ्याने शिवले, पाठीला खळ लावून कापडी पट्टी बसवली. आता वही टेबलावर सपाट उघडते, मधल्या घडीतलंही वाचता येतं.

काम करताना अण्णांनी विचारलं, आत काय हाय? सांगितलं, दहाव्या शतकातल्या युरोपातल्या एका ख्रिस्ती मठाची सुधारणा. आदालबेरो हा लोरेनमधल्या (आजच्या फ्रान्सच्या पूर्वेकडच्या) बड्या सरदाराचा मुलगा, ९२९ मध्ये तिथल्या मेट्झ शहराचा बिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरू, झाला. जवळच्या गॉर्झ मठाची पार दुर्दशा झाली होती, जमिनी बाहेरच्यांच्या घशात गेलेल्या. ९३३ च्या सुमारास त्याने मठ आइनोल्ड आणि योहान या दोन विरक्तांच्या हाती सोपवला, संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी घालून दिलेली शिस्त पुन्हा लावली, जमिनीही परत मिळवून दिल्या. माझ्या मते खरी सुधारणा या शेवटच्या कामात आहे. जमिनीवाचून साधूंनी खायचं काय? पुढे ९५३ मध्ये जर्मन राजा ऑटोने याच योहानला स्पेनमधल्या कोर्दोव्याच्या खलिफाकडे वकील म्हणून धाडलं. हे ऐकताना अण्णांची सुई थांबली होती.

दर वाजवी. कापडाचा रंग आपण निवडायचा. मी गडद तांबडा घेतला. परीक्षांच्या दिवसांत गर्दी असते, तेव्हा चार दिवस जास्तीचे धरा.