कच्छ की जैसलमेर? आणि गाडी जळगावहून की अहमदाबादहून?

वाळवंट पाहायचंय, सोबत जुनीपुराणी ठिकाणंही पाहायचीत, आणि टूरच्या बसमध्ये चाळीस जणांच्या मागे शिट्टीवर न धावता घरच्या सहा-सात माणसांची स्वतंत्र गाडी करायचीय. एवढं ठरलं की खान्देशातल्या माणसापुढे दोन नावं येतात, कच्छ आणि जैसलमेर. चर्चा तिथेच अडकते, आणि गाडी कुठून घ्यायची हा खिशाला आणि कंबरेला जास्त जाणवणारा प्रश्न शेवटी पाच मिनिटांत उरकला जातो. "गाडी आपलीच लई जाऊ, भो" म्हटलं की विषय संपला.

माझं मत आधीच सांगतो. सहा-सात दिवस हातात असतील, डिसेंबर ते फेब्रुवारीत जायचं असेल आणि 'प्राचीन' या शब्दाला खरंच किंमत असेल, तर कच्छ. गाडी मात्र इथून नेऊ नका. वाळूच्या टेकड्या, उंट आणि किल्ला डोळ्यांसमोर असेल किंवा सुट्टी दिवाळीचीच असेल, तर जैसलमेर.

वाळवंट आणि वाळवंट

दोन्हीकडे वाळवंट म्हणतात, पण दिसतं अगदी वेगळं. जैसलमेरजवळ सम आणि खुरी इथे वाळूचे डोंगर आहेत, पाय रुतणारे आणि संध्याकाळी सोनेरी होणारे. कच्छच्या मोठ्या रणात वाळूच्या टेकड्या नाहीत. पावसाळ्यात पाणी भरतं, ते आटलं की मिठाचा पांढरा थर उरतो आणि क्षितिजापर्यंत सपाटी. मुलांना "उंटावर बसायचं, वाळूत लोळायचं" असं सांगून कच्छला नेलंत, तर पहिल्या तासाभरात तोंडं पडतील.

सम हे जैसलमेर शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर. तिथे एकाला लागून एक तंबूंचे कॅम्प आहेत, रात्री नाच-गाणी, स्पीकर, जीप सफारी. सीझनमध्ये ती सरळ जत्रा असते. ज्यांना ती आवडते त्यांची रात्र मजेत जाते. शांतता हवी असेल तर खुरी बघा. जीप सफारीत गाडी मुद्दाम उडवतात, मणक्याचं दुखणं असलेल्याने त्यात बसू नये. ड्रायव्हरने "हळू चालवतो" म्हटलं तरी.

पांढऱ्या रणासाठी धोरडोला जावं लागतं. प्रवेशाचा पास लागतो, तो ऑनलाइन किंवा भिरंडियाराच्या चेकपोस्टवर मिळतो. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. भिरंडियाराचा मावा प्रसिद्ध आहे, पास काढायला थांबलात की तो खाऊन घ्या. रणोत्सवाच्या, म्हणजे हिवाळ्यात धोरडोजवळ भरणाऱ्या पर्यटन-उत्सवाच्या काळात, विशेषतः पौर्णिमेला, तंबूंचे भाव चढतात. चांदण्यातलं रण बघण्याजोगं आहे, पण पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी-नंतरही चांदणं असतंच, आणि गर्दी कमी.

दिवाळीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पाऊस लांबला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात रणात पाणी किंवा चिखल असतो, मीठ नीट बसलेलं नसतं. त्यात गुजरात्यांची स्वतःची दिवाळीची सुट्टी लाभपाचमीपर्यंत चालते, त्यामुळे भुजला खोल्या मिळणं मुश्कील. शाळेच्या दिवाळी सुट्टीशिवाय पर्याय नसेल तर जैसलमेर घ्या. गर्दी तिथेही असेल, पण वाळू निदान जागेवर असते. आणि मे महिन्याचा विचार दोन्हीकडे नको. जळगावात पंचेचाळीस सोसतो म्हणून तिकडचं ऊन सोसेल असा हिशेब करू नका, घरी दुपारी आपण बाहेर पडत नाही, सहलीत पडावं लागतं.

प्राचीन म्हणजे किती प्राचीन

इथे माझ्या मते तुलनाच होत नाही. जैसलमेरचा किल्ला ११५६ साली रावल जैसलने उभारला. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि त्यात आजही लोक राहतात. गल्लीत एखादी म्हातारी दारात धान्य निवडत बसलेली असते नि तिच्या डोक्यावर शेकडो वर्षांची कोरीव बाल्कनी असते. जवळच जुनी राजधानी लोदुर्वा आणि तिथलं जैन मंदिर, ओस पडलेलं कुलधरा. बाडमेर रस्त्यावर आकलच्या उद्यानात दगड झालेली झाडं आहेत, ती १८ कोटी वर्षांची, पण तो झाला निसर्गाचा इतिहास. जोधपूरमार्गे गेलात तर मेहरानगड आणि ओसियाँची आठव्या शतकापासूनची मंदिरं पदरात पडतात. सगळं देखणं. पण हे सारं मध्ययुग, आणि ज्याने घराजवळ अजिंठा पाहिलाय त्याला बारावं शतक तसं अलीकडचंच.

कच्छमध्ये धोलावीरा आहे. साधारण इ.स.पू. ३००० ते १५०० या काळातलं हडप्पा संस्कृतीचं शहर, तेही रणाच्या मधल्या खादिर बेटावर. जगत्पती जोशींनी १९६०च्या दशकात ते उजेडात आणलं, १९९०पासून रवींद्रसिंह बिष्ट यांनी उत्खनन केलं, आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. हडप्पा म्हटलं की आपल्याला विटा आठवतात, इथे दगड आहे. बालेकिल्ला, मधलं शहर, खालचं शहर अशी रचना. मानसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी अडवून शहराभोवती हौदांची रांग केलेली. पूर्वेकडच्या हौदाच्या काठावर उभं राहून पायऱ्या खाली उतरताना बघितल्या की पहिला विचार येतो तो पाण्याचा: पावसाच्या दोन-चार महिन्यांवर वर्ष काढणाऱ्या लोकांनी बांधलेली गोष्ट आहे ही. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं, वेगळं समजवावं लागत नाही. उत्तर दरवाजाजवळ दहा मोठ्या चिन्हांचा फलक सापडला, तो काय सांगतो हे आजही वाचता आलेलं नाही.

पण एक सांगून ठेवतो. गाइड नसेल तर धोलावीरा म्हणजे उन्हातले दगड. स्थानिक गाइड घ्या, सकाळी लवकर जा, दोन तास चालायची तयारी ठेवा, सावली जवळजवळ नाही. आणि शुक्रवार टाळा, पुरातत्त्व खात्याची स्थळ-संग्रहालयं सहसा शुक्रवारी बंद असतात.

अहमदाबादहून सुरुवात केली तर वाटेत आणखी दोन ठिकाणं होतात. मोढेराचं अकराव्या शतकातलं सूर्यमंदिर आणि पाटणची राणी की वाव, ही शंभराच्या जांभळ्या नोटेवर छापलेली विहीर. नोट मुलांच्या हातात देऊन तिथे उभं करा. हडप्पाकालीन लोथल दुसऱ्या दिशेला आहे. ज्याला गोदीची जागा बघायचीच आहे त्याने त्यासाठी वेगळा अर्धा दिवस धरावा, नाहीतर सोडून द्यावं.

आपल्याकडचा धागाही या सगळ्याशी जुळतो. तापीकाठच्या सावळदा गावावरून ज्या संस्कृतीला नाव मिळालं, तिचे थर प्रवरेकाठी दायमाबादला सर्वांत खाली सापडले, आणि त्यांच्यावर हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळाचे थर. प्रकाशा गावच्या टेकाडावरही १९५०च्या दशकात उत्खनन झालंय. एवढं डोक्यात ठेवून धोलावीराला गेलात तर ते परकं वाटत नाही.

रस्ता

धोलावीराहून खावड्याकडे जाणारा नवा रस्ता सुमारे तीस किलोमीटर रणातून सरळ जातो, दोन्ही बाजूंना ऋतूप्रमाणे पाणी किंवा मीठ. लोक त्याला 'रोड टू हेवन' म्हणतात. या टप्प्यात पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, बायकांसाठी सोय नाही, मोबाइलही रुसतो. टाकी आणि पाण्याचा कॅन भरून निघा. पुढे काळा डुंगर, वर दत्ताचं मंदिर, तिथे कोल्ह्यांना प्रसाद घालायची जुनी प्रथा आहे. घरातले आप्पा-अक्का "नुसते दगड काय बघायचे" म्हणत असतील तर कच्छमध्ये त्यांचीही सोय आहे: काळा डुंगर, माता नो मढची आशापुरा, नारायण सरोवर, कोटेश्वर. शेवटची तीन लखपतच्या वाटेवर एका दिवसात होतात. जैसलमेरकडे तनोटमाता आणि रामदेवरा आहेत, पण तनोटला जाऊन-येऊन दिवस मोडतो.

जेवणाचं म्हणाल तर राजस्थानात आपला माणूस लवकर रमतो. वरण-बट्टीवर वाढलेल्याला दाल-बाटी म्हणजे मावशीचंच घर. कच्छमध्ये बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी झकास, पण साध्या हॉटेलातली डाळ गोड लागते. ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. गुजरातेत दारूबंदी आहे, ज्यांची सहल त्यावाचून अडते त्यांनी ठरवताना हे लक्षात घ्यावं.

आता गाडी

जळगाव ते भुज साधारण नऊशे किलोमीटर. जाऊन-येऊन अठराशे, आत फिरायला सात-आठशे, म्हणजे सव्वीसशेच्या आसपास. अहमदाबादहून गाडी घेतली तर मोढेरा, पाटण, धोलावीरा, धोरडो, भुज, लखपत, मांडवी आणि परत अहमदाबाद हे साधारण पंधराशेत बसतं. बाहेरगावच्या भाड्यात रोजचे किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर धरतात. सहा दिवसांचे कमीत कमी पंधराशे ते अठराशे. रेट काहीही लागो, आठशे ते हजार किलोमीटरचे पैसे आणि ड्रायव्हरचे दोन दिवसांचे भत्ते वाचतात, आणि त्यात सगळ्यांची रेल्वेची तिकिटं निघून वर उरतात. नवजीवन एक्स्प्रेस जळगाव, नंदुरबारवरून अहमदाबादला जाते. धुळेकरांना स्टेशन गाठायला थोडा आटापिटा पडतो, एवढंच. "भुजलाच गाडी सोडतो, परत रेल्वेने" हा विचार सुचतो, पण रिकामी गाडी परत जायचे पैसे बहुतेक ठिकाणी लावतातच.

पैशापेक्षाही मला ड्रायव्हरची झोप मोठी वाटते. जळगावहून पहाटे निघालेला माणूस कोंडाईबारी घाटातल्या ट्रकांमागून सुरतेत येतो, तिथून अहमदाबाद, आणि मग "आज भुज गाठूच" असा आग्रह मागच्या सीटवरून सुरू होतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस सरळसोट, एकसुरी रस्त्यावर तुमच्या पोरांना घेऊन चालवणार. जैसलमेरसाठी तर इथून हजार-अकराशे किलोमीटर एका बाजूने. तिथे जोधपूरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे गाडी करणं मला पटतं.

घरून गाडी नेण्यात अर्थ आहे तो दोन परिस्थितींत. गुडघ्यांनी बेजार माणसं सोबत आहेत आणि अहमदाबादच्या स्टेशनात बॅगा घेऊन जिने चढणं जमणार नाही. किंवा ड्रायव्हर अगदी घरातला आहे, आजीला हात धरून उतरवणारा, पोरांच्या उलट्यांवर न चिडणारा. हे सुख मी कमी लेखत नाही. मग जाताना एक मुक्काम सुरतेत टाका. आपल्यातल्या कितीतरी घरांचं कुणी ना कुणी उधना-लिंबायतला असतंच, भेटही होईल.

त्यातूनच तिसरी वाट निघते, आणि मला वाटतं ती पुरेशी विचारात घेतली जात नाही: गाडी सुरतेतून घ्या. तापी लाइनने उधन्यापर्यंत रेल्वे, पुढे गुजरात पासिंगची गाडी. सुरतेत अहिराणी बोलणारा ड्रायव्हर शोधणं कठीण नाही, नातेवाइकाला एक फोन करायचा. अहमदाबादच्या मानाने जाता-येता पाचशे किलोमीटर जास्त पडतात, पण आजीला त्याच्याशी बोलता येतं आणि महाराष्ट्राच्या गाडीचा दुसऱ्या राज्यातला टॅक्स, परमिट ही भानगड उरत नाही.

इथून न्यायचीच ठरली तर एमएच १९, १८ किंवा ३९, पाटी पिवळी हवी. ओळखीतला कुणी पांढऱ्या पाटीची घरची गाडी भाड्याने द्यायला तयार असतो, स्वस्तही पडते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. सात जणांना एर्टिगा सांगतात, त्यात सात माणसं बसतात, सात माणसांच्या बॅगा बसत नाहीत. सीएनजीची असली तर टाकीमुळे बॅगांसाठी वर कॅरियर घ्यावाच लागतो की नाही, ते गाडीची डिकी उघडून बघा, फोटोवरून ठरवू नका. एजंटला लेखी विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल: किलोमीटर त्याच्या गॅरेजपासून मोजणार की तुमच्या दारापासून, टोल-पार्किंग कुणाकडे, आणि धोलावीरा व धोरडोला ड्रायव्हर रात्री झोपणार कुठे. शेवटच्या प्रश्नावर "तो बघेल त्याचं" असं उत्तर आलं, तर तो रात्रभर गाडीतच कुडकुडणार हे समजा. एक तर त्याच्यासाठी खोलीचे पैसे धरा, नाहीतर दुसरा एजंट बघा.