डेबियन १२ वर गो: आंब्याचा हंगाम काढल्यावर

डेबियन १२ या लिनक्सवर गो ही प्रोग्रॅमिंगची भाषा टाकणार असाल तर ॲप्टच्या, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या पॅकेज-भांडाराच्या, वाटेला जाऊ नका. गोच्या अधिकृत संकेतस्थळावरून टारबॉल, म्हणजे सगळ्या फाइलींचं एक दाबलेलं गाठोडं, उतरवा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा. दिवाळीनंतर मी हेच केलं, आंब्याचा अख्खा हंगाम त्यावर काढला आणि आता पावसाने बाहेरची कामं बंद पाडल्यावर निवांत लिहायला बसलोय.

आधी माझा वापर सांगतो, कारण सगळं त्यावरच ठरतं. जामसंड्यात माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. त्यावर पेट्यांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहितो: बागायतदार कोण, पेटी किती डझनी, फळ कुठल्या प्रतीचं, वाशीला कुठल्या गाळ्यावर जाणार. गाडी भरताना चिठी छापायची आणि पेटीवर चिकटवायची. देवगड तालुक्यातल्या तीन-चार शेडांत तो चालतो आणि तिथले कॉम्प्युटर सगळे विंडोजचे. लाईट कधी जाईल आणि रेंज कधी येईल याचा नेम नाही. त्यामुळे जिच्यातून एकच फाइल तयार होते, पेनड्राइव्हवर घालून नेता येते आणि समोरच्या मशीनवर दुसरं काही टाकावं लागत नाही अशी भाषा मला हवी होती. गो घेतली ती एवढ्यासाठीच.

ॲप्टमधली गो वाईट नाही, जुनी आहे. डेबियन १२ आलं जून २०२३ मध्ये आणि त्यात आहे १.१९. डेबियनची स्थिर आवृत्ती एकदा निघाली की आतल्या भाषांचे आकडे सहसा हलत नाहीत, तो त्यांचा शिरस्ताच आहे. गोची मात्र दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास, नवी आवृत्ती येते. दुसऱ्या कुणाचा प्रकल्प उतरवून बांधायला, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल करायला, घेतला की अडतं. १.२१ पासून गो.मॉड फाइलीत (प्रकल्पाला कुठली गो आणि कुठल्या लायब्ररी लागतात ते तिच्यात असतं) आवृत्तीचे तीन आकडे लिहायची पद्धत आली, म्हणजे १.२२.० असं. १.१९ ला ते पचत नाही. ती म्हणते आकडा चुकीचा आहे, १.२३ च्या धर्तीवर लिहा. तो १.२३ निव्वळ नमुना असतो, पण नवख्याला वाटतं १.२३ आवृत्तीच मागतेय. असला संदेश लिहिणाऱ्याला एकदा मे महिन्यात दुपारी शेडमध्ये बसवायला हवं.

टारबॉलचं काम सरळ आहे. फाइल शंभर एमबीच्या आतली. पूर्वी ती बरीच मोठी असायची, १.२० पासून प्रमाण लायब्ररीची (गोसोबतच येणाऱ्या तयार कोडची) आधीच संकलित केलेली पॅकेजं सोबत देणं बंद झालं. रेंज तुटत तुटत उतरलेली फाइल असेल तर पानावर दिलेला शा-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आली का ते ओळखायची खूण) ताडून पाहा. मग यूएसआर-लोकलमध्ये आधीचं गो फोल्डर असेल तर ते काढून टाका आणि तिथे नवं सोडवा. जुन्यावरच नवं सोडवलं तर दोन्हीच्या फाइली एकमेकींत मिसळतात आणि नंतर भलतेच दोष दिसायला लागतात. शेवटी गोचं बिन फोल्डर पाथमध्ये, म्हणजे आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, घालायचं, लॉगआउट करून परत आत यायचं, झालं. गोरूट (गो कुठे ठेवली ते सांगणारी सेटिंग) वगैरे सेट करा असं जुन्या लेखांत सापडेल, त्याची आता गरज नाही. गो स्वतः जिथे ठेवली आहे तिथून आपलं घर शोधते.

पाथबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. कणकवलीच्या कॉलेजातल्या एका मुलाचा फोन आला, "दादा, नवी टाकली तरी व्हर्जन विचारलं की १.१९ च सांगते." ॲप्टची गो यूएसआर-बिनमध्ये असते. नवा रस्ता पाथच्या शेवटी जोडला तर शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) आधी तीच शोधतं आणि तिथेच थांबतं. एकतर ॲप्टची काढा, नाहीतर नवा रस्ता पाथच्या सुरुवातीला घाला.

पहिल्यांदा प्रोग्रॅम बांधाल तेव्हा लॅपटॉपचा पंखा घोंघावेल. प्रमाण लायब्ररी तेव्हा संकलित होत असते. नंतर कॅशमुळे काम भराभर होतं.

आता खरी तक्रार. १.२१ पासून गो स्वतःहून दुसरी गो उतरवते. गो.मॉडमध्ये तुमच्याकडे आहे त्याहून नवी आवृत्ती मागितलेली असली की ती न विचारता गोच्या प्रॉक्सी सर्व्हरवरून त्या आवृत्तीची टूलचेन, म्हणजे गोचा पूर्ण संच, आणते. पुण्यात फायबरवर बसलेल्याला हे कळणारही नाही. इथे हंगामाच्या ऐन गर्दीत एका लायब्ररीची किरकोळ सुधारणा घेतली आणि टर्मिनल गप्प बसलं. रेंजची एक काडी, आणि मागे पूर्ण टूलचेन उतरतेय. गोटूलचेन ही सेटिंग लोकल करून ठेवली की हे थांबतं. मग उतरवण्याऐवजी ती सरळ सांगते की आवृत्ती कमी पडतेय. इन्स्टॉल केल्या दिवशीच हे करून टाका. त्यासोबत व्हेंडर आज्ञा चालवून सगळ्या लायब्ररी प्रकल्पाच्या फोल्डरातच आणून ठेवा. मग इंटरनेट नसलं तरी काम अडत नाही. त्यानंतर मी प्रोग्रॅममध्ये जे काही बदलत होतो ते असंच, नेट बंद ठेवून.

आणि ज्यासाठी घेतली ते काम? लिनक्सवर बसून विंडोजची फाइल बांधायला दोन पर्यावरण चल, म्हणजे टर्मिनलमधल्या सेटिंगा, बदलावे लागतात, वेगळा कंपायलर लागत नाही. अट एकच, सी भाषेचा आधार घेणाऱ्या लायब्ररी टाळायच्या. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेससाठी शुद्ध गोमध्ये लिहिलेली लायब्ररी मिळते, मी ती वापरतो. बांधायला वेळ घेते, पण सीगोची, म्हणजे गोतून सी वापरायची, कटकट संपते.

एका शेडमध्ये विंडोज ७ चा कॉम्प्युटर आहे. प्रिंटर त्यालाच जोडलेला, मालक बदलायला तयार नाही, आणि चालतोय तोवर त्याने तरी का बदलावा? पण विंडोज ७ आणि ८ ला साथ देणारी शेवटची गो म्हणजे १.२०. त्याहून नव्या गोने बांधलेली फाइल तिथे उभीच राहिली नाही. मग १.२० चा टारबॉल घरच्या फोल्डरात वेगळा सोडवला आणि त्या एका शेडपुरती फाइल त्याने बांधतो. दोन गो शेजारी शेजारी सुखाने नांदतात. हे मला फार आवडलं. मात्र त्यापायी त्या शेडसाठीच्या लायब्ररी जुन्याच ठेवाव्या लागतात आणि १.२० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या आता मिळत नाहीत. तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नाही म्हणून चालवून घेतो. जोडलेला असता तर मालकाशी भांडलो असतो. त्याचं म्हणणं एवढंच, "माका ह्यातला काय एक कळणा नाय. चिठी भायर येता मा?"

वेळेचंही बघा. प्रोग्रॅमात आशिया-कोलकाता असा टाइमझोन नावाने मागत असाल तर तुमच्या लिनक्सवर ते चालेल आणि गो नसलेल्या विंडोजवर अडेल, कारण टाइमझोनची यादी तिथे नसते. गोचं टीझेडडेटा पॅकेज आयात केलं की यादी फाइलीतच येते, साधारण ४५० केबी वाढतात.

सुटलेली नाही अशी एक गोष्ट राहते. गोने बांधलेल्या फाइलींना विंडोजवरचे अँटीव्हायरस अधूनमधून व्हायरस समजतात. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही हे लिहिलेलं आहे. फाइलीवर डिजिटल सही करायचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं तर चार शेडांच्या धंद्यात परवडत नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या फाइलीमागे स्कूटर काढून शेडवर जायचं आणि ती अपवादांच्या यादीत घालायची, हे काम पुढच्या हंगामातही आहेच.