पेटंट की इंटरनेट कायदा? वकिलीतल्या दोन वाटा

बौद्धिक संपदा आणि इंटरनेट कायदा ही नावं वकिलांच्या पाटीवर बहुधा जोडीनेच येतात. त्यामुळे काम एकच आहे असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्हीकडचा दिवस वेगळा जातो. वाट निवडताना बघायचं ते हेच.

पेटंटच्या कामाचा गाभा म्हणजे 'क्लेम', म्हणजे शोधावरच्या हक्काची हद्द आखणारं वाक्य, लिहिणं. समजा, नव्या पंपाचे तीन भाग आहेत. इंग्रजी मसुद्यात 'कम्प्रायझिंग' लिहिलं, तर हे तीन भाग असलेला कुठलाही पंप क्लेमखाली येतो, त्याला आणखी काही जोडलेलं असलं तरीही. 'कन्सिस्टिंग ऑफ' लिहिलं की मात्र एवढेच तीन. प्रतिस्पर्ध्याने चौथा भाग बसवला की तो सहसा निसटतो. पेटंटची मुदत साधारणपणे अर्जापासून 20 वर्षं, आणि तेवढा काळ अशिलाला त्या एका शब्दावर विसंबून राहावं लागतं. अशा शब्दावर अख्खी दुपार घालवताना ज्याला कंटाळा येत नाही, त्याचं हे काम. तारखाही कडक असतात. 1883 च्या पॅरिस करारानुसार, पहिल्या अर्जानंतर इतर देशांतही त्याच अर्जाची तारीख धरली जावी असं वाटत असेल तर 12 महिन्यांत अर्ज करावा लागतो.

तिकडे 12 महिने, तर इंटरनेटच्या बाजूला 72 तास. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार, लोकांना धोका होईल अशी माहिती फुटली, तर कळल्यापासून शक्यतो 72 तासांत नियामकाला कळवायचं असतं. नेमकं काय फुटलं हे तेव्हा इंजिनिअरांनाही पुरतं ठाऊक नसतं. वकील त्यांच्यासोबत बसून लॉग, म्हणजे सिस्टिमने केलेल्या नोंदी, बघतो, आणि हाती आलेल्या अर्धवट माहितीवर खरं तेवढंच लिहितो. मला हे कौशल्य फार मोलाचं वाटतं. कॉलेजात ते क्वचितच शिकवतात.

डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावांचे, वाद मात्र आटोपशीर. 1999 पासूनच्या यूडीआरपी या असे वाद कोर्टाबाहेर सोडवण्याच्या पद्धतीत तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपल्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे, समोरच्याचा त्यावर वाजवी हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने घेऊन वापरलं आहे. जिंकलात तर डोमेन मिळतं किंवा रद्द होतं, भरपाई नाही.

ट्रेडमार्क आणि कॉपीराइट दोन्हीकडे लागतात. कॉपीराइटला नोंदणीची अट नाही, हे बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराचं जुनं तत्त्व. पण फोटो चोरणारा एका देशात, सर्व्हर दुसऱ्या आणि प्लॅटफॉर्म तिसऱ्या देशात असला, की हक्क असूनही दाद कुठे मागायची हा प्रश्न उरतोच.

माझं मत विचाराल तर, विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी असेल तर आधी पेटंट धरा. अनेक देशांत पेटंटच्या पात्रता परीक्षेला अशी पदवी लागते, आणि मध्येच कायद्यातून तिकडे वळणं जड जातं. उलट दिशेने येणं त्या मानाने सोपं. तशी पदवी नसेल तर ट्रेडमार्क आणि कॉपीराइटपासून सुरुवात करा. जनरेटिव्ह एआयच्या खटल्यांत कॉपीराइटची जाण आणि तंत्राची समज दोन्ही लागतात, त्यामुळे तो पाया वाया जाणार नाही.

फर्म की कंपनीतली नोकरी, हे नंतर ठरवता येतं. पहिली काही वर्षं तरी फर्ममध्ये काढा, विविध प्रकारची प्रकरणं हाताखालून जातात.

अजूनही ठरत नसेल तर मंजूर झालेल्या एखाद्या पेटंटचा पहिला क्लेम आणि रोज वापरता त्या ॲपचं प्रायव्हसी धोरण, दोन्ही पेन घेऊन वाचा. कुठल्या कागदावर जास्त खुणा झाल्या ते बघा.