फिशर 25, एलएम 27 की कॉल्विक वॉटसन? व्हीलहाऊसवाली जुनी शिडाची होडी निवडताना

पंचवीस-सत्तावीस फुटांची, व्हीलहाऊस (सुकाणू चालवायची छपराची केबिन) असलेली सेकंडहँड शिडाची होडी शोधायला निघालं की तीन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: फिशर 25, एलएम 27 आणि कॉल्विक वॉटसन. तिन्ही फायबरग्लासच्या, तिन्हींना डिझेल इंजिन, तिन्हींत सुकाणूचं चाक छपराखाली. जाहिरातीतल्या फोटोंत सख्ख्या बहिणी वाटतात. पाण्यात उतरल्या की तिघींची तोंडं तीन दिशांना.

म्हणून मॉडेल ठरवण्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या: इंजिन बंद ठेवून, नुसत्या शिडावर, तुम्ही किती वेळ जाणार आहात? जवळपास सगळेच ‘बराच वेळ’ म्हणतात. वारा समोरून आला आणि अंधार पडायच्या आत बंदर गाठायचं असलं की काय कराल, ते आठवून उत्तर द्या.

फिशर 25 ही वायट आणि फ्रीमन या जोडीची रचना, नॉर्थ सीवरच्या मासेमारी होड्यांच्या वळणाची. लांबी पंचवीस फूट, पण वजन सुमारे साडेचार टन. पुढून मागपर्यंत लांब कील (होडीच्या तळाचा पाण्यात उतरणारा कणा), डेकच्या कडेला चांगली उंच भिंत, आणि केच रिग, म्हणजे मुख्य डोलकाठीमागे आणखी एक छोटी. व्हीलहाऊस पूर्ण बंद. त्याच्या समोरच्या काचा वरच्या बाजूने पुढे झुकलेल्या असतात. ही नुसती ऐट नव्हे. पावसाचं पाणी काचेवरून न ओघळता खाली गळतं आणि रात्री आतल्या उपकरणांचा उजेड काचेत कमी चमकतो. खवळलेल्या पाण्यात ही होडी शांतपणे चालते, उंच भिंतीमुळे पुढे नांगरापाशी जातानाही धीर वाटतो.

याची किंमत शिडावर मोजावी लागते. हलक्या वाऱ्यात फिशर जागची हलायला वेळ घेते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढायचं म्हटलं की उंच व्हीलहाऊस आणि दोन डोलकाठ्यांवर वाराच इतका आदळतो की शिडाने कमावलेलं तिथेच जातं. मालक मग इंजिन हळू चालू ठेवून शीडही उभं ठेवतात, आणि अशा जोडकामात ही होडी खरंच उत्तम आहे. एक लक्षात ठेवा: शीड आणि इंजिन दोन्ही चालू असताना आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार तुमची होडी इंजिनवाली ठरते. शिडाच्या होडीला मिळणारी वाट मागता येत नाही, आणि दिवसा पुढच्या बाजूला टोक खाली केलेला काळा शंकू टांगावा लागतो.

एलएम 27 डेन्मार्कची, बेंट यूल आंदरसन यांची रचना. बांधणाऱ्या कंपनीची सुरुवात लुंडरस्कोव्ह गावातल्या फर्निचरच्या कारखान्यातून झाली, आणि पुढे तीच पवनचक्क्यांची पाती बनवण्यासाठी जगभर ओळखली गेली. आतलं लाकूडकाम पाहिलं की फर्निचरवाल्यांचा हात कळतो. ही फिशरपेक्षा टनभर हलकी, एकाच डोलकाठीची, आणि पाण्याखाली एक मीटरच्या आसपास जाणारी; त्यामुळे उथळ खाडीतही निभावते. शिडावर तिघींत हीच सरस, आणि फरक थोडाथोडका नाही.

पण तिचं व्हीलहाऊस अर्धंच आहे. समोर आणि बाजूला काच, वर पक्कं छप्पर, मागे मात्र उघडं. तिथे कॅनव्हासचा पडदा लावायचा. समोरून पाऊस-वारा असेल तर काही अडत नाही. वारा मागून असला तर पडदा फडफडतो आणि पाठ ओली होते. मला विचाराल तर ही तडजोड चांगली आहे, कारण शीड सांभाळणाऱ्याला सारखं आत-बाहेर करावं लागतं आणि मध्ये दार नसणं फार सोयीचं पडतं. बारा महिने थंड प्रदेशात फिरणाऱ्याला हे पटणार नाही, आणि त्याचंही बरोबर आहे.

कॉल्विक वॉटसनची गोष्टच निराळी. रचना जी. एल. वॉटसन या स्कॉटलंडमधल्या जुन्या फर्मची, साडेतेवीस फुटांपासून चौतीसच्या पुढेपर्यंत अनेक मापांत. कॉल्विक कंपनी सांगाडा, म्हणजे होडीचं बाहेरचं कवच, ओतून द्यायची, आणि पुढचं बरंचसं काम पुष्कळ ग्राहकांनी आपापल्या अंगणात केलं. सांगाडा जाड आणि दणकट. आत काय सापडेल ते मात्र ज्याने बांधलं त्याच्या हातावर. एका होडीत निष्णात सुताराचं काम दिसेल, तर दुसरीत घरातल्या वायरी आणि साध्या पितळेचे नळ. तळात भार म्हणून काय भरलंय, ते विचाराच. बांधकामाच्या वेळचे फोटो आणि पावत्या असलेली कॉल्विक चांगला सौदा ठरू शकते. कागद नसतील तर किंमत कितीही उतरली तरी मी तिच्याकडे वळणार नाही.

आता व्हीलहाऊस तपासायचं कसं. काचांच्या खालच्या कोपऱ्यांपाशी जा. तिथल्या प्लायवूडवर काळसर डाग आहे का बघा आणि अंगठ्याने दाबा. दबलं तर पाणी आत जायला लागून वर्षं झालीत, आणि नवीन रबराने ते सुटणार नाही. काच काढून चौकटच करावी लागेल. नंतर चाकामागे बसा, उभे राहा, आणि पुढचं मोठं शीड उघडायला सांगा. किती समुद्र दिसेनासा झाला? बंद व्हीलहाऊसमध्ये बसून शीड डोक्यावर दिसत नाही, वारा गालावर लागत नाही. म्हणून बाहेरही सुकाणू आहे का आणि ते खरंच चालतं का, हे महत्त्वाचं. हायड्रॉलिक असेल तर पाण्याचा दाब हाताला कळत नाही. खिडक्या उघडतात का हेही पाहा. भर उन्हात बंद काचांमागे बसवत नाही.

या होड्यांत इंजिन बहुधा पायाखाली, व्हीलहाऊसच्या फळीखाली असतं. पोहोचायला सोपं, आवाजाला वाईट. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवलंय, आणि थंड इंजिन एका दमात सुरू होतं का हे तुम्हाला कळणारच नाही. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरला भुलू नका: फिशर 25 ची पाण्यालगतची लांबी सुमारे 21 फूट, तिच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणलं की 6.1 नॉट (तासाला सागरी मैल) येतात, आणि अशी जड होडी त्याच्या फारशी पुढे जात नाही. त्यापलीकडे रेटलंत तर डिझेल जळतं, मागची लाट मोठी होते.

डिझेलची टाकी विसरू नका. लोखंडी टाकी इंजिनाच्या बाजूला बसवून वरून फळ्या ठोकलेल्या असतील, तर गंजल्यावर ती काढायला आधी इंजिन काढावं लागतं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा कधी बदलल्या तेही विचारा. दहा-पंधरा वर्षांपुढच्या तारा अनेक विमा कंपन्या चालवून घेत नाहीत. आणि केचला दोन डोलकाठ्यांच्या तारा असतात.

वर्षभर, थंडी-पावसात, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या दोघांसाठी मी फिशर घेईन. शिडाची हौस असलेल्याला एलएम. दोन्ही चांगल्या स्थितीत सापडल्या नाहीत आणि कागदपत्रांसकट नीट बांधलेली कॉल्विक मिळाली, तर ती. दमलेली फिशर आणि जपलेली कॉल्विक यांत मी नावाकडे बघणार नाही.

चाचणीला वारा असलेल्या दिवशीच जा. बंदराबाहेर आल्यावर इंजिन बंद करायला लावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढवा आणि इंजिनाची मदत न घेता वळवायला सांगा. मालक टाळाटाळ करू लागला तर ती होडी शिडावर कशी चालते ते समजा. बयाणा द्यायची वेळ आली तर होडी पाण्याबाहेर काढून तुमच्या सर्व्हेअरने (होड्या तपासणाऱ्या तज्ज्ञाने) तपासल्यावरच सौदा पक्का होईल, असं कागदावर आधी लिहून घ्या.