नाशिकजवळच्या शेतावरील पर्माकल्चर वर्ग: एक अभिप्राय

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात मांडलेली पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गातील रचनेप्रमाणे टिकाऊ शेती आखण्याची, संकल्पना नुसत्या व्याख्यानांतून उमजत नाही. हे ओळखूनच गंगापूर धरणाच्या परिसरातील या शेतावर 72 तासांच्या अभ्यासक्रमाचा बराचसा वेळ शिकणाऱ्यांच्या हाती सोपवला जातो. समपातळी रेषा, म्हणजे उतारावरील सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, शिकवताना आम्हाला तीन बांबू, सुतळी आणि ओळंबा दिला गेला; ‘ए’ आकाराच्या चौकटीचा एक पाय स्थिर ठेवून दुसरा फिरवायचा, ओळंब्याची दोरी मधल्या खुणेवर आली की तिथे खुंटी ठोकायची, आणि उतारावर अशी वळणावळणाची रेषा उमटली की चर कोठे खणायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. गटातील एका द्राक्ष बागायतदार काकांनी मुसळधार पावसात बांधावरून पाणी कसे फुटते ते मातीत रेघा ओढून दाखवले, तेव्हा शिक्षक स्वतः वही घेऊन टिपणे काढत होते. शेतकऱ्याच्या अनुभवाला असा मान देणारे प्रशिक्षण विरळाच. शिवारफेरी आणि गटाने नकाशा काढणे हेही उपयुक्त वाटले. मात्र छापील साहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे, ही उणीव गंभीर असून मराठी पुस्तिका तातडीने काढायला हवी. नाव नोंदवताना शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावरची तुकडी निवडावी, म्हणजे स्वतः खणलेल्या चरात पाणी जिरताना पाहता येते.