वारस नोंदीची सही म्हणून नेलं आणि हक्कसोडपत्र करून घेतलं

आजोबांच्या सातबाऱ्यावर माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. धाकट्या मामांनी फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "बघ, चढलं तुझं नाव." दोन मामा, मावशी आणि मी, अशी चार नावं. क्षेत्र २ हेक्टर ४० आर. आई आजोबांच्या आधी गेली आणि मी एकुलती, म्हणून तिच्या जागी मी. मी न मागता मामांनी हे केलं याचं इतकं अप्रूप वाटलं की शाळेत स्टाफरूममध्ये दोघीतिघींना तो फोटो दाखवला. आमच्या नाशिककडे पोरींची बोळवण साडीचोळीवर होते, त्यात हे!

पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन. "पोरी, ही झाली कच्ची नोंद. तालुक्याला येऊन पक्की करून टाकू. आधार, पॅन आण. दुपारपर्यंत मोकळी करतो तुला."

कच्ची-पक्की असलं काही नसतं, हे मला आज माहीत आहे. वारस नोंद तलाठ्याकडे होते (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारस कोण कोण याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. तलाठी फेरफार (म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातल्या बदलाची नोंद) धरतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबाऱ्यावर नाव आलं याचा अर्थच नोंद प्रमाणित झालेली आहे. त्यापुढे "पक्कं" करायला काही उरत नाही. आणि या सगळ्यात दुय्यम निबंधकाचं कार्यालय कुठेच येत नाही. कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो आणि अंगठा घेतात ते तिथे, आणि तिथे दस्त होतात. म्हणजे कुणाचा तरी हक्क कुणाकडे तरी जातो. वारस नोंदीसाठी तुम्हाला कुणी तिथे बोलावलं, तर एसटीत बसण्याआधी विचारा, दस्त कसला आहे?

मी विचारलं नाही. बाहेर टपरीवजा खोलीत एक टायपिंगवाला होता, कागद तयारच होते. मामांनी एकेक पान वर उचलून धरलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं. इथं. आता इथं." पानाचा वरचा भाग त्यांच्या तळहाताखाली. मावशी शेजारीच होती, तिने माझ्याआधी सह्या केल्या होत्या आणि ती बाहेर बघत होती. मी मराठी शिकवते. "उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा" हे वीस वर्षं फळ्यावर लिहितेय. पण मामासमोर बसून, "थांबा, वाचू द्या" म्हणायला जीभ रेटली नाही. संशय घेतल्यासारखं वाटलं असतं ना.

आत टोकन लागलं. साहेबांनी विचारलं, "मजकूर मान्य आहे का?" मी हो म्हणाले. अंगठा दिला. फोटो काढताना मामा ऑपरेटरच्या मागे उभे राहून म्हणाले, "हस की जरा, आधारवरच्यासारखी नको दिसू." मी हसले. नंतर मिसळ खाल्ली. घरी मामींनी ओटी भरली, साडी दिली, मोरपिशी.

दोन वर्षांनी आम्ही उभयतांनी पुण्याजवळ थोडी शेतजमीन बघितली. घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, म्हणून महाभूमीवरून डिजिटल सही असलेला सातबारा काढला. पंधरा रुपये. माझं नाव होतं, पण कंसात, आणि त्यावर आडवी रेघ. मावशीचंही तसंच. आधी वाटलं संगणकाची चूक. शेजारच्या फेरफार क्रमांकावरून फेरफार काढला, त्यात दस्ताचा क्रमांक मिळाला, मग निबंधक कार्यालयातून नक्कल काढली. "आम्ही आमचा हिस्सा स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला भावांच्या लाभात सोडून देत आहोत." खाली माझी सही, प्रत्येक पानावर.

या दुसऱ्या फेरफाराची नोटीस मला का आली नाही? आली होती. दस्तात माझा पत्ता मामांच्या घरचा घातला होता. खरं तर "आपली चावडी" या सरकारी पानावर गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा घरबसल्या फुकट दिसतात. त्या महिन्यात मी एकदा डोकावले असते तर पंधरा दिवसांत हरकत घेता आली असती.

मामा म्हणाले, "तूच केलीस की सही. आम्ही काय हात धरला होता?" आणि वर, "आई आधी वारली त्या पोरीला कसला हिस्सा?" हे साफ खोटं आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधी वारलेल्या मुलीची मुलंही पहिल्या वर्गातले वारस आहेत. माझा हिस्सा नसता, तर सोडून घ्यायला मला नेलंच कशाला असतं?

मावशीने सांगितलं, तिला माहीत होतं. "मला माहेर हवं होतं गं. तुला काय, तुझं माहेर तुझ्या आईबरोबरच गेलं." तिच्यावर चिडता आलं नाही.

आधी प्रांताकडे अपील करायचं मनात होतं. वकीलबाईंनी समजावलं की फेरफार हा दस्ताच्या मागून येतो. नोंदणी झालेला दस्त महसूल खातं रद्द करत नाही, ते दिवाणी न्यायालयाचं काम. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. आमच्या हातात मुदत होती. दाव्यासोबत मनाईचा अर्जही दिला, नाहीतर मध्येच तिसऱ्याला खरेदीखत झालं असतं तर गुंता वाढला असता. मामांनी पाठवलेला तो सातबाऱ्याचा फोटो आणि खालची ओळ मी पुसली नव्हती. वकीलबाईंना सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला.

गेल्या तारखेला समोरच्या बाजूने लेखी म्हणणं दिलं. त्यात नकलेचं शेवटचं पान जोडलंय, माझा वेबकॅमवरचा फोटो असलेलं. म्हणणं असं, की वादीवर दडपण नव्हतं, छायाचित्रात वादी हसताना स्पष्ट दिसत आहे.